चार दिवसांत वॉर्मअप म्हणे! ३३,६३० रुपयांना पडलं

बरोबर ३३,६३० रुपये. मेल पाठवून देणाऱ्या एकाची २८,५०० फी, वर १८ टक्के जीएसटी म्हणून ५,१३०. बिलावर जीएसटी नंबरच नव्हता, हे पैसे गेल्यावर दिसलं. तुम्ही आधी बघा.

आम्ही दिवाळीचा फराळ परदेशी पाठवतो. ३,८०० जुनी गिऱ्हाइकं, सगळी मेलवर. यंदा डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यातलं @ नंतरचं नाव, नवं घेतलं. नव्या डोमेनवरून एकदम हजारो मेल सोडले की जीमेल संशय घेतं, रोज ५० पासून हळूहळू चढायचं (हाच वॉर्मअप), चार-सहा आठवडे जातात, हे मला ठाऊक होतं. एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच आपल्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या नोंदी) मीच लावलेलं, अडाणी नाही मी. पण नवरात्र तोंडावर, आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "मॅडम, चार दिवसांत वॉर्मअप. वर परदेशातल्या मराठी लोकांची ४०,०००ची यादी फुकट."

तिसऱ्या दिवशी चकलीच्या मेलला धडाधड उत्तरं आली. एकानं इंग्रजीत लिहिलेलं, छान, गुरुवारच्या मीटिंगला भेटू. चकलीची कसली मीटिंग? मी हसले, नवऱ्याला वाचून दाखवलं, आणि त्याच संध्याकाळी उरलेले निम्मे पैसे पाठवले! अहो, ती सगळी त्याचीच खाती, आपसात मेल उघडणारी. त्यावरच त्याचा दावा, 'इनबॉक्स ९८ टक्के', म्हणजे शंभरातले ९८ मेल स्पॅममध्ये न जाता इनबॉक्सात.

पाचव्या दिवशी त्यानं १२,००० मेल सोडले. यादीतले कितीतरी पत्ते बंद पडलेले, उरलेल्यांतल्या कित्येकांनी स्पॅमचं बटण दाबलं. विकतची काय, फुकटची यादीसुद्धा घेऊ नका. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये (आपल्या मेलना जीमेलवर किती जण स्पॅम म्हणतात ते इथे दिसतं; पैसे लागत नाहीत, पहिल्या दिवशीच लावा) स्पॅमचा दर ४.१ टक्के. गूगल ०.३ टक्क्यांच्या आत ठेवा म्हणतं. आता जुन्या गिऱ्हाइकांची बिलंही स्पॅममध्ये.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला, पुढे शून्य. बँक म्हणे, पैसे तुम्हीच पाठवलेत. सायबर पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं. मग साहेब, "ओटीपी दिला होता?" नाही. "मेल गेले ना?" गेले. "मग काम झालं की!" स्पॅम म्हणजे काय ते समजावलं, तर म्हणतात, "आम्हालाही येतात खूप." दिवाणी मामला, कोर्टात जा. आणि वकिलाची फी कोण देणार?

आता मीच पाठवते. गेल्या वर्षी ज्यांनी ऑर्डर दिली ते आधी, रोज ५०. काल २०० वर आले. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले.