पावसाळाभर एफएफएमपेग वापरून: काम एमकेव्हीत, देणं एमपीफोरमध्ये

आमच्याकडे जत्रा कार्तिकात सुरू होतात आणि दशावताराचं शूटिंग म्हणजे कॅमेरा रात्रभर चालू. कुडाळच्या आमच्या स्टुडिओत त्या फाइल्स पावसाळ्यापर्यंत हार्डडिस्कवर पडून असतात. गणपतीला चाकरमानी आले की मात्र प्रत्येकाला पेन ड्राइव्ह हवा, आणि तोही टीव्हीला लावल्याबरोबर चालणारा. यंदा जूनपासून हे सगळं काम मी एफएफएमपेग या व्हिडिओ-ऑडिओ फाइल्स बदलायच्या प्रोग्रामवर केलं. फुकट आहे, बटणं नाहीत, काळ्या खिडकीत कमांड लिहावी लागते. तरीही आता दुसऱ्या कशाकडे वळेन असं वाटत नाही.

याआधी हँडब्रेक हे दुसरं सॉफ्टवेअर होतं. ते वाईट नाही, पण ते व्हिडिओ प्रत्येक वेळी नव्याने एन्कोड करतं, म्हणजे चित्र उलगडून पुन्हा दाबून साठवतं. आमच्या जुन्या मशीनवर एका नाटकाला अख्खी रात्र जायची, वर चित्रही थोडं मऊ पडायचं. कॅमेऱ्याच्या एमटीएस फाइलमध्ये व्हिडिओ एच २६४ या पद्धतीने दाबलेला असतो आणि आवाज बहुतेक वेळा एसी३ पद्धतीने. हे दोन्ही एमपीफोर या टीव्हीवर चालणाऱ्या फाइल प्रकारात जसेच्या तसे बसतात, मग पुन्हा शिजवायचं कशाला? 'कोडेक कॉपी' लिहिलं की आतलं काही न बदलता फक्त फाइलचा प्रकार बदलतो. वेळ लागतो तो डिस्कवर लिहायला लागेल तेवढाच. कॅमेऱ्याने मेमरी कार्डावर एकच रेकॉर्डिंग तुकड्यांत पाडलं असेल, तर मूळ तुकडे आधी सलग जोडावेत आणि मग बदलावेत. वेगवेगळे बदलून नंतर जोडले की सांध्यावर आवाज टचकन तुटतो, आणि तो नेमका गाण्यातच तुटतो.

पावसात वेळेचा प्रश्न म्हणजे लाईटचा प्रश्न. एमपीफोरची अनुक्रमणिका सहसा फाइल पूर्ण झाल्यावर शेवटी लिहिली जाते. अर्ध्यावर वीज गेली तर आधीचा सगळा डेटा डिस्कवर असूनही फाइल उघडत नाही. एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारची फाइल तशी नाही, जिथवर लिहून झालं तिथवर ती चालते. म्हणून जोडणं, आवाज घालणं, सबटायटल्स लावणं हे सगळं एमकेव्हीत करते आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर एमपीफोर बनवते. यूपीएस पंधरा मिनिटं टिकला तरी तो टप्पा आटपतो.

खरी मेहनत आवाजाची. कॅमेऱ्याच्या माइकवर लोकांची कुजबुज आणि जनरेटरची घरघर येते, म्हणून मिक्सरवरून वेगळं रेकॉर्डिंग घेतो. त्यात पेटी, पखवाज आणि झांज स्वच्छ ऐकू येतात. पण लोकांचा हशा आणि टाळ्या कॅमेऱ्याकडेच असतात, त्यामुळे दोन्ही ट्रॅक ठेवायचे असतात. इथे एफएफएमपेगचा स्वभाव माहीत हवा. तुम्ही काही सांगितलं नाही तर ते व्हिडिओ, ऑडिओ आणि सबटायटल यांचा एकेकच प्रवाह (ट्रॅक) निवडतं, आणि ऑडिओत ज्याचे चॅनेल जास्त तो. आमचा कॅमेरा फाइव्ह पॉइंट वन, म्हणजे सहा चॅनेल घेतो आणि मिक्सरचं रेकॉर्डिंग स्टिरिओ, म्हणजे दोनच चॅनेलचं असतं. म्हणजे न सांगता सोडलं तर घरघरवाला ट्रॅक राहतो आणि चांगला गळतो. कुठलीही तक्रार न करता गळतो, मग परळहून फोन येतो, "आवाज खंय गेलो?" 'मॅप' लिहून प्रत्येक प्रवाह नावानिशी सांगणं हाच उपाय. मिक्सरची फाइल वेव्ह असते, ती एएसी या दाबलेल्या प्रकारात बदलून घालते, कारण एमपीफोरमधला वेव्हचा कच्चा आवाज टीव्ही सहसा वाजवत नाहीत.

आणखी एक गोष्ट कुठलीच कमांड आपणहून करत नाही. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं रात्रभरात थोडी थोडी सरकतात. सुरुवात जुळवली तरी पहाटेच्या युद्धप्रसंगात तलवारी आधी आपटतात आणि आवाज मागून येतो. त्यासाठी 'एटेम्पो' फिल्टरने आवाजाचा वेग किंचित बदलावा लागतो, आणि किती बदलायचा ते कानानेच ठरवायचं.

'मॅप झिरो' लिहून सगळंच उचलावं तर वेगळीच अडचण. काही कॅमेऱ्यांच्या एमटीएसमध्ये तारीख-वेळेचा एक सबटायटल प्रवाह लपलेला असतो, आणि तो चित्ररूप असतो. एमपीफोर लिहिताना एफएफएमपेग त्याच्यापाशीच अडतं. एमकेव्हीला तो चालतो, एमपीफोरसाठी वगळावा लागतो. चित्ररूप सबटायटल्सचं अक्षरांत रूपांतर एफएफएमपेग करत नाही, त्यामुळे डीव्हीडीवरची जुनी सबटायटल्स घेऊन येणाऱ्यांना मी आधीच नाही म्हणते.

आमची सबटायटल्स मात्र टाइप केलेली असतात. दशावतारात लिखित संहिता नसते, नट रंगमंचावर उभ्या उभ्या बोलतात. म्हणून माझी जाऊ हेडफोन लावून ऐकते आणि एसआरटी, म्हणजे वेळेसकट संवाद लिहिलेली मजकूर फाइल बनवते. संकासुराचे मालवणी टोमणे मुंबईत वाढलेल्या नातवंडांना कळावेत हा सगळा खटाटोप. एमपीफोरमध्ये एसआरटी तशीच जात नाही, तिचं 'मोव्ह टेक्स्ट' या एमपीफोरच्या सबटायटल प्रकारात रूपांतर करावं लागतं. कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये ती सुंदर दिसते. टीव्हीवर भरवसा नाही. काही टीव्ही आतलं सबटायटल ओळखतच नाहीत, पण शेजारी त्याच नावाची एसआरटी ठेवली तर दाखवतात. जुन्या टीव्हीवर पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर उमटते आणि जोडाक्षरं फुटतात. अशा घरासाठी सबटायटल चित्रावरच छापून देते, आणि तेवढ्यापुरतं पुन्हा एन्कोड करणं टळत नाही. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कुणी आणला तर आधी युनिकोड करून घ्या, नाहीतर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल.

पेन ड्राइव्हचं दुखणं निराळं. फॅट ३२ या जुन्या फॉरमॅटच्या ड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, आणि २४ मेगाबिटच्या रेकॉर्डिंगचा एक तास १० जीबीच्या वर जातो. नव्या टीव्हीसाठी ड्राइव्ह ही मर्यादा नसलेल्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून देते. जुन्यासाठी एफएफएमपेगनेच तुकडे पाडते, तेही कॉपी करूनच. फक्त काप कीफ्रेमवर, म्हणजे अधूनमधून येणाऱ्या पूर्ण चित्रावरच पडतो, म्हणून तुकडे ठरवल्यापेक्षा थोडे लहानमोठे निघतात.

एमकेव्ही फाइल्स बनवायचं एमकेव्हीटूलनिक्सही ठेवलंय. त्याला खिडकी आणि बटणं आहेत, त्यामुळे जावेला ते आवडतं. ट्रॅकला नाव देणं आणि भाषा 'एमएआर' (मराठी) लावणं त्यात सोपं जातं. ते एमपीफोर बनवत नाही, पण आमचं अर्धं काम एमकेव्हीतच असतं.

चॅप्टर्सची, म्हणजे हव्या त्या भागावर थेट उडी मारायच्या खुणांची सोय मला उशिरा कळली. आडदशावतार हा सुरुवातीचा भाग कुठे संपतो, आख्यान म्हणजे मुख्य कथा कुठे सुरू होते, दहीकाला कधी आहे, हे सगळं साध्या मजकूर फाइलमध्ये मिलिसेकंदांत लिहून द्यायचं. एमकेव्हीतून एमपीफोर करताना चॅप्टर्स आपोआप सोबत येतात. आमच्याकडच्या टीव्हीवर ते दिसले नाहीत, लॅपटॉपवर दिसतात. आता गिऱ्हाइकं नाटकाआधी चॅप्टर्स आहेत का ते विचारतात, आणि त्याचे वेगळे पैसे घ्यावेत की नाही यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.