मार्च ब्रेकला कुठे जायचं: फ्लोरिडा, क्युबा, पुंता काना की बॅन्फ?

जानेवारी उजाडला की टोरंटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागाच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: मार्च ब्रेकला (शाळांच्या मार्चातल्या आठवड्याभराच्या सुट्टीत) कुठे जाताय? उत्तरंही दरवर्षी तीच. एक जण फ्लोरिडा म्हणतो, दुसरा क्युबा, तिसऱ्याला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानाचं स्वस्त पॅकेज सापडलेलं असतं, आणि चौथा कॅनडातल्याच रॉकी पर्वताची बाजू घेऊन विचारतो, "अहो, बॅन्फ तरी बघितलंत का?" चारही जागा चांगल्या आहेत, फक्त एकाच महिन्यात चारही चांगल्या नसतात. माझं मत आधीच सांगून टाकते. मार्चात उन्हाकडे जावं आणि कॅनडा जुलै-ऑगस्टमध्ये बघावा. उलट केलं तर पैसे तेवढेच जातात आणि सुट्टी अर्धीच हाती लागते.

इथले लोक सुट्टीला कुठे जातात हे बरंचसं ते कुठे राहतात यावरच ठरतं. व्हँकुव्हर-कॅलगरीकडचे हवाई, फिनिक्स, पाम स्प्रिंग्ज नाहीतर मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं पुएर्तो व्हायार्ता गाठतात. ऑन्टॅरियोचे लोक विंडसरला सीमा ओलांडून आय-७५ हा अमेरिकेचा महामार्ग धरतात आणि तो रस्ता नेईल तिथे, म्हणजे फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टॅम्पा, फोर्ट मायर्स, नेपल्सला उतरतात. क्वेबेकवाले आय-९५ ने पलीकडच्या किनाऱ्याला, फ्लोरिडातल्याच हॉलिवूड आणि हॅलंडेल बीचला; तिथे हिवाळ्यात फुटपाथवर फ्रेंच कानावर पडतं. टोरंटोची ब्लू जेज ही बेसबॉल टीमसुद्धा १९७७ पासून वसंतातल्या सरावाला फ्लोरिडातल्या डनिडनलाच जाते.

आपल्या घरांचं गणित याहून थोडं वेगळं. ऑन्टॅरियोच्या कायद्यानं पहिली पाच वर्षं दोन आठवडे आणि त्यानंतर तीन आठवडे भरपगारी रजा, एवढंच किमान आहे. त्यातला मोठा घास पुण्या-नाशिकची वारी खाते. उरतो तो एक आठवडा, आणि तो शाळेनं ठरवलेला, म्हणजे सगळ्यात महाग. त्यामुळे चार-साडेचार तासांपलीकडचं विमान मी या यादीत घेतलेलंच नाही.

आधी पासपोर्ट बघा, मग समुद्र

कॅनडाचा पासपोर्ट असेल तर या भागातलं क्युबाच्या ई-व्हिसाचं तेवढं बघून पुढे गेलात तरी चालेल. भारतीय पासपोर्ट आणि पीआर कार्ड (कॅनडातल्या कायम रहिवाशाचं ओळखपत्र) असेल तर फ्लोरिडाचा प्रश्न बहुतेक वेळा इथेच मिटतो. अमेरिकेचा व्हिसा लागतोच, पीआर असल्यानं त्यात काही सूट नाही, आणि मुलाखतीची तारीख मार्चच्या आत मिळेल या भरवशावर हॉटेल धरू नये. मेक्सिको आणि डॉमिनिकन रिपब्लिक कॅनडाच्या पीआरवाल्यांना वेगळ्या पर्यटक व्हिसाशिवाय येऊ देतात. क्युबाची ई-व्हिसाची सोय मात्र सगळ्यांनाच लागते, आणि भारतीय पासपोर्टासाठी एअरलाइनकडून वेगळं विचारून घ्यावं लागतं. नियम बदलतात, म्हणून त्या-त्या देशाच्या वाणिज्य दूतावासाचं पान तिकिटाआधी उघडा, नंतर नको. पीआर कार्डाची मुदतही बघा. ते संपलेलं असेल तर परतीच्या विमानात चढताना अडचण येते.

फ्लोरिडा: सवयीची जागा, बदललेली हवा

फ्लोरिडाचं सोयीस्करपण नाकारण्यात अर्थ नाही. साडेतीन तासांच्या आत विमान. अमेरिकेचं इमिग्रेशन टोरंटोच्या पिअर्सन विमानतळावरच उरकतं, त्यामुळे तिकडे उतरल्यावर थेट बॅग घ्यायची. नळाचं पाणी पिता येतं, औषधाचं दुकान कोपऱ्यावर, आणि स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घेतलं की सकाळी पोहे, रात्री खिचडी. शाकाहारी घरासाठी, आणि आजी-आजोबा अमेरिकेच्या व्हिसासह सोबत असतील तर, खाण्याच्या बाबतीत ही जागा सगळ्यांत सोपी.

आता दुसरी बाजू. गेली काही वर्षं कॅनेडियन डॉलरला अमेरिकेचे ७० ते ७५ सेंट मिळतात. म्हणजे ऑरलँडोतली तिकिटं, टोल, पार्किंग, पिझ्झा, सगळ्यावर एक तृतीयांशाहून जास्त चढवूनच हिशेब करायचा. समुद्राबद्दल तर गैरसमजच फार. क्लिअरवॉटरच्या बाजूचं पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये १८ ते २० अंशांचं असतं. कॅनेडियन माणूस त्यात उतरतो, आपली मुलं गुडघाभर पाण्यातून परत येतात आणि उरलेला आठवडा हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात काढतात.

शिवाय २०२५ पासून राजकारण मधे आलं. अमेरिकेचं आयातशुल्क आणि कॅनडाला त्यांचं 'एकावन्नावं राज्य' म्हणण्याची ट्रम्प यांची भाषा ऐकून कॅनेडियन लोक खरोखर चिडले. तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी सुट्टी देशातच घालवा असं जाहीर आवाहन केलं, आणि अमेरिकेतून मोटारीनं परतणाऱ्या कॅनेडियनांचा आकडा सलग अनेक महिने आदल्या वर्षाच्या तुलनेत ३० टक्क्यांहून जास्त घसरला. सबंध हिवाळा तिकडे काढणाऱ्या 'स्नोबर्ड' मंडळींपैकी, जे ३० दिवसांहून जास्त राहतात आणि जमिनीवरून सीमा ओलांडतात, त्यांना एप्रिल २०२५ पासून नोंदणीची कटकटही लागली. आठवडाभरासाठी जाणाऱ्याला ती लागू नाही. मला विचाराल तर: तिकडे बहीण-भाऊ, मित्र कुणाचं घर असेल, किंवा मुलांना डिस्नेचं वचन देऊन बसला असाल, तर जा. नुसत्या समुद्रासाठी मात्र नको.

क्युबा, डॉमिनिकन, मेक्सिको: मनगटावरच्या पट्ट्याचा आठवडा

मार्च ब्रेकच्या शनिवारी पहाटे चारला पिअर्सनवर गेलात तर अर्ध्या रांगेच्या पायात चपला दिसतात. बाहेर उणे दहा असलं तरी जाड जॅकेट गाडीतच ठेवून लोक कुडकुडत टर्मिनलमध्ये शिरतात, कारण पुढचे सात दिवस ते ओझं कोण वागवणार? विमान, बस, खोली, तीन वेळचं जेवण, दारू आणि किनारा एकाच किमतीत, आणि ओळखीसाठी मनगटावर रिसॉर्टचा पट्टा. हेच ते ऑल-इन्क्लुझिव्ह, आणि सरासरी कॅनेडियन कुटुंबाच्या हिवाळी सुट्टीचा खरा चेहरा हाच.

तिन्ही देशांत रिसॉर्टचा दिवस सारखाच असतो. सकाळी सहाला उठून सावलीतल्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून येणारे काका दिसले की एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आठवतात. पण देश कोणता, यानं फरक पडतो आणि तो चांगलाच पडतो.

क्युबाशी कॅनडाचं नातं जुनं आहे. १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेनं संबंध तोडले, कॅनडानं तोडले नाहीत. १९७६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान पिएर ट्रूडो हवानाला जाऊन आले. अमेरिकी पर्यटक नाहीत, म्हणून वाराडेरो, कायो कोको, ओल्गीनची हॉटेलं वर्षानुवर्षं कॅनेडियनांनी भरली, आणि क्युबाला जाणाऱ्या परदेशी पर्यटकांत कॅनडा पहिला राहिला. वाराडेरोची वाळू पिठासारखी आहे आणि पाण्याचा रंग फोटोत दिसतो तसाच असतो. पॅकेजही बहुधा तिन्हींत सर्वांत स्वस्त. पण त्या स्वस्ताईमागचं कारण समजून घ्या. देश मोठ्या टंचाईत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये वीजयंत्रणाच कोसळली आणि सबंध बेट अंधारात गेलं. त्यानंतरही तसं पुन्हा घडलं. मोठ्या रिसॉर्टना जनरेटर असतात, पण इंधनाची ओढाताण सगळ्यांनाच. बुफेत सलग तीन दिवस तोच कोबी आणि तेच अंडं आलं तर आचाऱ्यावर रागवू नये. नेहमी जाणारे कॅनेडियन बॅगेत पॅरासिटामॉल, साबण, टूथपेस्ट जास्तीची नेतात आणि खोली आवरणाऱ्या बाईंना देऊन येतात. तिथे टीपपेक्षा त्याचं मोल जास्त. अमेरिकी बँकेचं कार्ड चालत नाही, कॅनेडियन नोटा मात्र बरोबर असाव्यात. दोघंच असाल, तब्येती ठणठणीत असतील आणि जेवणाचे चोचले नसतील, तर क्युबा जरूर. लहान मूल किंवा रोजच्या गोळ्यांवर असलेले वडीलधारे बरोबर असतील तर या घडीला नको. बुकिंगच्या दिवशी कॅनडा सरकारच्या प्रवाससूचना आणि विमानं चालू आहेत का, हे दोन्ही बघूनच पैसे भरा.

पुंता काना साडेचार तासांवर, म्हणजे वाराडेरोपेक्षा तासभर लांब. समुद्र मार्चातही २६ अंशांच्या आसपास. रिसॉर्ट अवाढव्य, मुलांसाठी घसरगुंड्या, बुफे लांबलचक. भात, राजम्यासारखी उसळ, तळलेली कच्ची केळी, पपई, अननस यावर मराठी शाकाहारी माणूस आठवडा आरामात काढतो. फक्त 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. कोंबडी, मासे, हॅम आणि चरबी ही नावं वेगवेगळी घेऊन विचारावं लागतं. तिन्ही देशांत उसळीत डुकराची चरबी किंवा तुकडे पडू शकतात. मेतकूट, कोरडी चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या बॅगेत असल्या की चौथ्या दिवशीची चिडचिड टळते.

मेक्सिकोत कॅनकूनच्या बाजूला गेलात तर समुद्राखेरीज बघायला काहीतरी आहे, हा त्याचा मोठा गुण. चिचेन इत्झाचा पिरॅमिड, तुलुमचे कड्यावरचे अवशेष, चुनखडीच्या जमिनीतली गोड्या पाण्याची खोल कुंडं. पाचवीच्या पुढच्या मुलांना नुसता किनारा तिसऱ्या दिवशी कंटाळवाणा होतो, त्यांच्यासाठी मी मेक्सिकोच निवडेन. जेवणही तिन्हींत सरस. खटकणाऱ्या गोष्टी दोन. विमानतळाबाहेर आणि हॉटेलच्या लॉबीत टाइमशेअर (सुट्टीच्या घरातला वाटा) विकणारे गोड बोलून सकाळ खातात. 'मोफत नाश्ता' ऐकलं की चालू लागा. दुसरी म्हणजे सारगासम, तपकिरी समुद्री शेवाळ. वसंतापासून उन्हाळाभर ते कॅरिबियन किनाऱ्यावर ढिगानं येऊन पडतं आणि सडलं की वास सुटतो. पुंता कानालाही ते येतं. मार्चात सुरुवात असते, काही वर्षी लवकर येतं, म्हणून बुकिंगआधी हॉटेलच्या जाहिरातीतले नव्हे, त्या आठवड्यात पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा.

आई-वडील सुपर व्हिसावर (आई-वडील, आजी-आजोबांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर) आलेले असतील तर एक गोष्ट अजिबात विसरू नका. त्यांचा विमा कॅनडातल्या उपचारांसाठी घेतलेला असतो. बाहेरच्या दिवसांना तो लागू आहे का, किती दिवस, हे पॉलिसीत वाचायलाच हवं. आपलंही तसंच. ओहिप, म्हणजे ऑन्टॅरियोचा सरकारी आरोग्य विमा, परदेशातल्या तातडीच्या इस्पितळ-खर्चाला दिवसाला जास्तीत जास्त ४०० डॉलर देतं, आणि फ्लोरिडातलं बिल त्यापुढे कुठल्या कुठे जातं. मधुमेह, रक्तदाबाची गोळी गेल्या काही महिन्यांत बदलली असेल तर विमा कंपनी तो आजार 'स्थिर' मानत नाही. आणि पॅकेज ऑन्टॅरियोत टिको या प्रवासधंद्यावरच्या नियामक संस्थेची नोंदणी असलेल्या एजंटकडूनच घ्या. कंपनी बुडाली तर भरपाई निधीकडे दाद मागता येते.

आणि बॅन्फ?

१८८५ मध्ये राखलेलं, कॅनडाचं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान. बघायलाच हवं, वाद नाही. पण कॅलेंडरवरच्या त्या हिरव्या-निळ्या तळ्यासाठी मार्चात गेलात तर समोर पांढरं मैदान दिसेल. लेक लुईज तेव्हा गोठलेलं असतं, आणि मोरेन लेकचा रस्ता मे संपेपर्यंत बंदच. स्कीइंग येत असेल किंवा शिकायचं असेल, तर मार्च तिथला उत्तम महिना. जॉन्स्टन कॅन्यनमधला गोठलेला धबधबा बुटांना खिळे बांधून बघण्यात मजा आहे. पण टोरंटोहून कॅलगरीला चार तास विमानानं जायचं, मग गाडी, हॉटेल, उद्यानाचा पास, स्कीचं भाडं, जेवण, सगळं वेगवेगळं भरायचं आणि पुन्हा थंडीतच राहायचं, हे नोव्हेंबरपासून बर्फ उपसणाऱ्या घराला मी सुचवणार नाही.

उन्हाळ्यात गोष्ट वेगळी. जूनअखेरीस तळ्यांना रंग चढतो. मोरेन लेकला २०२३ पासून खासगी गाड्या सोडत नाहीत, पार्क्स कॅनडाच्या शटलचं आरक्षण आधी करावं लागतं. लेक लुईज ते जॅस्पर हा २३२ किलोमीटरचा रस्ता एका दिवसात 'उरकणारे' आपले लोक बघितले की वाईट वाटतं. तिथे एक मुक्काम तरी करा. जॅस्पर गावाचा सुमारे तिसरा हिस्सा जुलै २०२४ च्या वणव्यात जळला, गाव पुन्हा उभं राहतंय, राहायच्या जागा मात्र लवकर धरा.

आई-वडील मे ते सप्टेंबर इथे असतील तर डोंगरांपेक्षा पूर्वेकडचा रस्ता त्यांना जास्त मानवतो. वाटेत क्वेबेक सिटीची तटबंदी, मग १२.९ किलोमीटरचा कॉन्फेडरेशन पूल आणि पलीकडे प्रिन्स एडवर्ड आयलंडची लाल माती. पुलाचा टोल ऑगस्ट २०२५ मध्ये पन्नासच्या वरून २० डॉलरवर आला, आणि तो बेटावरून परतताना घेतात. क्वेबेकमधून जाताना फक्त जुलैचे शेवटचे दोन आठवडे टाळा. तिथल्या बांधकाम कामगारांची ती ठरलेली सुट्टी, आणि त्यांच्याबरोबर अर्धा प्रांत रस्त्यावर असतो.

विमान नको, तंबू चालेल, अशी मंडळी असाल तर ऑन्टॅरियोतलीच अल्गॉनक्विन किंवा किलार्नी ही प्रांतिक उद्यानं. ऑन्टॅरियो पार्क्सच्या जागा तारखेच्या पाच महिने आधी सकाळी सातला उघडतात आणि तळ्याकाठच्या बघता बघता जातात. १ ऑगस्टची जागा हवी असेल तर १ मार्चला सातच्या आधी लॉगिन करून बसा, पुंता कानाची बॅग भरायची असली तरी.