फिश शेल: रिकामी लिस्ट म्हणजे शून्यच

फिश हे शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) 2005 पासून उपलब्ध आहे. बॅश या सर्वत्र आढळणाऱ्या शेलची सवय झालेल्या वाचकांना ते सुचवावेसे वाटते, याचे मुख्य कारण रिकामेपणाचा त्याने ठेवलेला काटेकोर हिशेब हे आहे. फिशमध्ये प्रत्येक व्हेरिएबल (किंमत साठवणारे नाव) ही लिस्टच, म्हणजे घटकांची यादीच असते. किंमत ठरवणारी 'सेट' ही कमांड लिहून नावापुढे काहीच दिले नाही, तर तिच्यात शून्य घटक राहतात. रिकामी अवतरणचिन्हे दिली, तर एक घटक राहतो, मग त्यात एकही अक्षर नसले तरी. घटक मोजणारी 'काउंट' ही कमांड पहिल्या वेळी 0 आणि दुसऱ्या वेळी 1 असे उत्तर देते.

या फरकाचे मोल लिनक्सवरील स्टीम या गेम्सच्या अ‍ॅपमध्ये 2015 साली उघडकीस आलेल्या दोषावरून कळते. तिथल्या बॅश स्क्रिप्टमध्ये फोल्डरचा पत्ता शोधणारी कमांड फसली की व्हेरिएबलमध्ये रिकामी स्ट्रिंग (अक्षरांची माळ) उरत असे, आणि त्यापुढे तिरकी रेघ (/) व तारा (*, म्हणजे तिथले सगळे) जोडलेली 'आरएम' या फायली पुसणाऱ्या कमांडची ओळ थेट मूळ डिरेक्टरीपासून फायली पुसू लागे. फिशमध्ये अशा निष्फळ कमांडमधून शून्य घटक मिळतात, आणि लिस्टला मजकूर जोडणे हा तिथे गुणाकार असल्यामुळे, म्हणजे तो प्रत्येक घटकाला वेगळा जोडला जात असल्यामुळे, शून्याला काहीही जोडले तरी शून्यच राहते. 'आरएम'ला पुसण्यासाठी काहीच मिळत नाही.

मात्र तेच व्हेरिएबल अवतरणचिन्हांत घातले, की शून्य घटकांची एक रिकामी स्ट्रिंग होते आणि जुना धोका जसाच्या तसा परत येतो. बॅशमध्ये शिस्त म्हणून अंगवळणी पाडलेली सवय इथे संरक्षण काढून घेते. गंमत म्हणजे अट तपासणाऱ्या 'टेस्ट' कमांडमध्ये नेमके उलटे घडते: स्ट्रिंग भरलेली आहे का, हे उणे-एन (-n) या पर्यायाने तपासताना अवतरणचिन्हे विसरली, तर रिकामी लिस्ट नाहीशी होते, एकटे उणे-एन उरते आणि तेच तपासायचा भरलेला मजकूर समजून उत्तर 'खरे' येते. माझ्या मते ही फिशची सर्वांत मोठी उणीव आहे. फिशच्या 4.0 आवृत्तीत ही चूक पकडणारा पर्याय आला, पण तो आपणहून चालू करावा लागतो.

तरीही बॅशकडे पाहिले की फिशचे पारडे जड वाटते. 4.4 आवृत्तीपूर्वीच्या बॅशमध्ये 'नाउनसेट' (न ठरवलेले व्हेरिएबल वापरल्यास चूक दाखवणारा पर्याय) चालू असताना रिकामा अ‍ॅरे (बॅशमधील लिस्ट) वापरला, तर व्हेरिएबल अस्तित्वातच नसल्याची तक्रार होत असे, आणि मॅकओएससोबत अजूनही बॅशची 3.2 आवृत्तीच येते.

सर्व्हरवरील जुन्या बॅश स्क्रिप्ट फिशमध्ये जशाच्या तशा चालत नाहीत, त्यामुळे तिथे बॅशच ठेवावे. स्वतःच्या संगणकावर मात्र फिश जरूर बसवावे.