वैद्यकीय शिक्षणाचे कर्ज: लष्करी शिष्यवृत्ती की सार्वजनिक सेवेची कर्जमाफी?

अमेरिकेत कर्ज काढून डॉक्टर होणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर पदवीच्या वेळी साधारण २ लाख डॉलरचा बोजा असतो. तो हलका करण्याचे दोन मार्ग नेहमी चर्चेत येतात: प्रवेश घेतानाच लष्कराची शिष्यवृत्ती स्वीकारणे, किंवा कर्ज काढून पुढे सार्वजनिक सेवेच्या कर्जमाफीचा आधार घेणे.

‘एचपीएसपी’ ही लष्करी शिष्यवृत्ती १९७२ च्या कायद्याने सुरू झाली आणि ती केवळ अमेरिकी नागरिकांनाच मिळते. भूदल, नौदल किंवा हवाई दल संपूर्ण शुल्क भरते आणि दरमहा विद्यावेतनही देते. त्या बदल्यात चार वर्षांच्या शिष्यवृत्तीसाठी चार वर्षे सेवा करावी लागते. हा हिशेब सरळ दिसत असला, तरी रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतर रुग्णालयात घेतल्या जाणाऱ्या विशेष शाखेच्या प्रशिक्षणाची, वर्षे त्यातून वजा होत नाहीत, हे सही करण्यापूर्वी नीट समजून घेतले पाहिजे.

खरी किंमत पैशांत नसून विशेष शाखेच्या निवडीत आहे. लष्कराच्या रेसिडेन्सीसाठीच्या निवडीचा निकाल डिसेंबरमध्ये लागतो, आणि कोणत्या शाखेत किती जागा द्यायच्या हे त्या त्या दलाची गरज ठरवते. अस्थिशल्यचिकित्सेची आस धरलेल्या विद्यार्थ्याला केवळ एका वर्षाची इंटर्नशिप मिळून पुढची दोन-तीन वर्षे वैमानिकांच्या तुकडीबरोबर तपासण्या आणि लसीकरणाच्या कामावर जावे लागू शकते. हा काळ सेवेत धरला जातो खरा, पण तोवर त्याचे वर्गमित्र शल्यचिकित्सक होण्याच्या बेतात असतात. शिवाय रुग्णांमध्ये तरुण आणि धडधाकट माणसांचाच भरणा असल्यामुळे गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांवरचा हात कायम ठेवणे काही जणांना अवघड जाते.

सार्वजनिक सेवेची कर्जमाफी २००७ च्या कायद्याने आली. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत उत्पन्नाच्या प्रमाणात १२० पात्र हप्ते भरल्यावर उरलेले संघीय (म्हणजे केंद्र सरकारने दिलेले) कर्ज माफ होते. बहुतेक शिक्षण रुग्णालये ना-नफा असल्याने रेसिडेन्सीतले लहान हप्तेही मोजले जातात, आणि शाखा व गाव निवडण्याचे स्वातंत्र्य अबाधित राहते. मात्र १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना संघीय कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच मिळणार आहे. महागड्या महाविद्यालयात वरची रक्कम खासगी कर्जातून उभारावी लागेल, आणि त्या कर्जाला ही माफी लागू नाही. त्यामुळे लष्कराच्या बाजूचे पारडे पूर्वीपेक्षा जड झाले आहे, हे मान्य करावे लागते.

तरीही माझे मत असे की, ज्याला कर्ज नसतानाही गणवेश घालावासा वाटला असता, त्यानेच विद्यार्थिदशेत करार करावा. बालरोग किंवा कुटुंबवैद्यक यांसारख्या तुलनेने कमी कमाईच्या शाखेकडे ओढा असेल आणि महाविद्यालय महाग असेल, तर पैशांच्या दृष्टीनेही त्याचा निर्णय योग्य ठरण्याची शक्यता मोठी आहे. शल्यचिकित्सेच्या शाखांत मात्र बाहेरचे उत्पन्न लष्करी वेतनाच्या इतके पुढे असते की, वाचलेले शुल्क काही वर्षांच्या तफावतीतच संपून जाते.

ज्याचे मन अजून ठरलेले नाही, त्याने नागरी रेसिडेन्सीत जागा मिळेपर्यंत थांबावे. त्या टप्प्यावरही लष्कर ‘एफएपी’ योजनेतून आर्थिक साहाय्य देते. तोवर शाखा निश्चित झालेली असते, आणि लष्करातील नोकरीची वर्षे सार्वजनिक सेवेच्या कर्जमाफीसाठीही ग्राह्य धरली जातात.