राजारामपुरीतील शिष्यवृत्ती वर्ग : फी मुलीची, गृहपाठ पालकाचा

माझी मुलगी २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात पाचवीत होती, तेव्हा शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी आम्ही तिला राजारामपुरीतील एका खासगी वर्गात घातले. पुढे तक्रारीही असल्याने वर्गाचे नाव देत नाही. प्रत्येकी १५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिकांची ही तयारी करून घेणारे वर्ग कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत. हा वेगळा वाटला तो प्रवेश अर्जावरील एका अटीमुळे. दर शनिवारी संध्याकाळी घरातील एका मोठ्या माणसाने अर्धा तास येऊन मुलाशेजारी बसलेच पाहिजे, अशी ती अट होती. मला ती जाचक वाटली, कारण उद्यमनगरातील वर्कशॉपमधून मी उशिरा सुटतो आणि फी भरली की पुढचे काम शिक्षकांचे, अशी माझी सरळ समजूत होती.

त्या अर्ध्या तासात ‘चुकांची वही’ उघडली जाते. आठवडाभरात चुकलेली उदाहरणे मुलाने स्वतः तीत उतरवलेली असतात, पण बरोबर उत्तर लिहिलेले नसते. मोठ्या माणसाने उत्तर सांगायचे नाही, फक्त ‘हे तू कसे काढलेस?’ एवढेच विचारायचे. पहिल्याच शनिवारी मुलीने तीन पंचमांशापेक्षा तीन अष्टमांश मोठे ठरवले होते. विचारल्यावर ती शांतपणे म्हणाली, “आठ पाचापेक्षा मोठा आहे की, पप्पा.” मी तोंड उघडणार तोच मागे उभ्या असलेल्या मॅडमनी मान हलवून मला थांबवले. रात्री जेवताना मी तिला विचारले, की एक भाकरी पाच जणांत आणि तेवढीच दुसरी आठ जणांत वाटली, तर तुला कोणता तुकडा हवा? ती हातातला घास तसाच धरून गप्प बसली आणि मग उठून वही घेऊन आली. तिचे गणित कच्चे आहे असे मी दोन वर्षे म्हणत होतो. नेमके कुठे कच्चे आहे, ते मला त्या दिवशी कळले.

यासाठी पालक शिकलेला असावा लागतो, असेही नाही. शेजारच्या बाकावर नातवासोबत येणाऱ्या आजींना लिहिता-वाचता येत नव्हते. “मला कळंना, परत सांग,” असे त्या म्हणत, आणि परत सांगता सांगता तो पोरगा बहुधा स्वतःच चूक पकडे. याच कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. आज आम्ही मुलाला गाडीवरून दारापर्यंत सोडतो आणि तेथूनच वळतो.

वर्गाचे मोबाइल ॲप या वळण्याला मदतच करते. हजेरी, गुण आणि बॅचमधील क्रमांक रोज रात्री येतो, आणि तो पाहिला की आपण अभ्यासात लक्ष घातले असे वाटते. दिवाळीच्या आधी कामाच्या गडबडीत मी सलग तीन शनिवार गेलो नाही. क्रमांक पाहून घरी तिला बोललो मात्र. त्या काळात वहीत एकही नवे उदाहरण आले नाही. चुका होत होत्या, तिने त्या उतरवणे बंद केले होते.

दुसरी तक्रार पालकसभेची. ती बुधवारी दुपारी चारला असते आणि सूचनेत ‘सर्व मम्मींनी यावे’ असे लिहितात. शिक्षण हक्क कायद्यानुसार शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. खासगी वर्गाला तसे बंधन नाही, पण नोकरदार आया आणि बाप येऊ शकतील एवढी वेळ तरी ठेवता आली असती. चाळीस मुलांची बॅच आणि जिन्याखालचे अपुरे पार्किंग यांबद्दल वेगळे लिहीत नाही.

मुलगी परीक्षेत पात्र ठरली, गुणवत्ता यादीत आली नाही. ज्यांना शनिवारची संध्याकाळ देता येणार नाही, त्यांनी या वर्गाची फी भरू नये. तेवढ्या पैशांत घराजवळची साधी शिकवणी मिळते. धाकट्याचे नाव आम्ही तेथेच घातले आहे. ॲप मात्र या वेळी मोबाइलवर घेतलेले नाही.