गल्लीतलं सलून की एसीवालं? दोन्हीकडे डोकं देऊन झाल्यावर

मुंबईत घर बदललं की दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला आठवड्याभरात सापडतो पण केस कापणारा सापडत नाही, हे ज्यांनी परळ-गिरगाव सोडून ठाणे-डोंबिवली गाठलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मग प्रश्न येतोच, की बिल्डिंगखालच्या साध्या सलूनमध्ये जायचं की काचेच्या दरवाज्याचं एसी युनिसेक्स गाठायचं. मी दोन्हीकडे वर्षानुवर्षं कटिंग केलंय. मधली काही वर्षं तर फक्त एसीवाल्याकडेच होतो, कारण ऑफिस लोअर परळला आणि बाजूच्याच बिल्डिंगमध्ये चांगलं मोठं सलून, संध्याकाळी सुटलो की जाऊन बसायचो. आता परत भांडुपला घराजवळच्या साध्या सलूनमध्ये जातो. का ते सांगतो, पण तुमचे केस वेगळे असतील तर तुमचं उत्तर कदाचित वेगळं येईल.

पैशाचं पटकन उरकतो. आमच्याकडे साधं कटिंग शंभर-दीडशेत होतं, एसीत त्याच्या तिप्पट-चौपट धरा, आणि वर टॅक्स. हा टॅक्स पूर्वी १८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झालाय, त्यामुळे बिलातला तो शेवटचा झटका बराच कमी झाला. गल्लीतल्या सलूनची उलाढाल बहुतेक वेळा वर्षाला २० लाखांच्या आतच असते, म्हणून तिथे जीएसटीचा विषय येत नाही. पण महिन्यातून एकदा जायचं असेल तर नुसत्या पैशावरून ठरवू नका असं मला वाटतं, आवडलं तर माणूस देतो चारशे रुपये.

स्वच्छतेत एसीवाला पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं. लॉकडाऊननंतर २८ जून २०२० ला महाराष्ट्रात सलून उघडली तेव्हा कटिंगला परवानगी होती, दाढीला नव्हती, आणि टॉवेल-नॅपकिन एकदा वापरून टाकायचे असा नियम होता. तेव्हा सगळ्यांनीच पाळलं. नंतर साध्या सलूनमध्ये हळूहळू परत तोच एक नॅपकिन सगळ्यांच्या मानेला लागायला लागला, एसीवाल्यांनी मात्र ते कागदी पट्टी वगैरे बऱ्याच ठिकाणी चालू ठेवलं. हा मुद्दा छोटा नाही, गजकर्ण नायट्यासारखी बुरशी कंगवा, मशीन, टॉवेल यांच्यातून पसरते, आणि वापरलेल्या ब्लेडने कापलं तर कावीळ बी आणि सी सारखे आजार लागू शकतात. यावर माझा उपाय साधा आहे, घरून स्वतःचा नॅपकिन नेतो आणि कल्ले, मान साफ करायच्या आधी वस्तऱ्यात नवीन ब्लेड समोर घालायला सांगतो. चांगला न्हावी याचा राग धरत नाही, उलट पाकीट दाखवून फोडतो. जो कुरकुर करेल त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका, मग तो कितीही छान कापत असो.

मानेचं पण सांगून ठेवतो, कारण आमच्या वयात स्पॉन्डिलायटिस घरोघरी आहे. साध्या सलूनमध्ये डोकं चोळून झालं की न विचारता मान कटकन मोडतात, ते आधीच नको म्हणून सांगायचं. एसीत मान मोडत नाहीत पण बेसिनच्या कडेवर मान मागे टाकून बराच वेळ झोपवतात, तेही निर्धोक नाही. अशा बेसिनवर मान मागे टाकून केस धुतल्यानंतर स्ट्रोक आल्याच्या केसेस अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये नोंदवल्या होत्या. फार दुर्मिळ गोष्ट आहे, घाबरायचं कारण नाही, पण मानेला त्रास असेल तर मानेखाली टॉवेलची घडी मागा किंवा धुणंच नको म्हणा.

एसीवाल्याचा खरा फायदा मला वाटतो तो म्हणजे कापून झाल्यावर केस धुऊन देतात. साध्या सलूनमध्ये ब्रश आणि पावडर मारली की झालं, मग कॉलरच्या आत जे बारीक केस जातात ते मे महिन्यात घामाबरोबर असे टोचतात की ज्याने करी रोडहून संध्याकाळची स्लो लोकल पकडलीये त्यालाच कळेल. म्हणून गल्लीतलं कटिंग हे आंघोळीच्या आधीचंच काम आहे, घरात आलं की आई आधीच ओरडते की कशाला हात लावू नकोस, सरळ बाथरूममध्ये जा. रविवार सकाळ त्यासाठीच असते, आणि म्हणूनच रविवारी सकाळी तिथे पेपर दोनदा वाचून होईल इतकी गर्दी असते. एसीत अॅपवर वेळ घेतली की बहुतेक वेळा त्या वेळेला खुर्ची मिळते. ऑफिसमधून परस्पर कुठे लग्नाला, पार्टीला जायचं असेल तर मी आजही म्हणेन एसीत जा, प्रश्नच नाही.

आता ज्या कारणाने माझं ठरलं ते.

माझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. (दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं असं आमच्याकडे म्हणतात, माझं एकच झालंय आणि ते उत्तम चाललंय.) भोवऱ्याचा त्रास ज्याला आहे त्यालाच कळतो, तिथला केस एका ठराविक लांबीच्या खाली गेला की उभा राहतो आणि मग पाणी लावा, जेल लावा, तीन आठवडे तो बसत नाही, कारण केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभरच वाढतो. एसी सलूनमध्ये होतं काय की मी जिथे जिथे गेलो तिथे कापायच्या आधीही शॅम्पू करतात आणि ओल्या केसांवरच सगळं कापतात. ओला केस ताणला की लांब होतो आणि सुकला की आखडतो, शिवाय ओला असताना भोवरा चपटा बसलेला असतो, तो तिथे आहे हेच दिसत नाही. कापणारा आपला कंगव्यात धरून बाकीच्या केसांच्या मापात तिथलाही कापून टाकतो, ड्रायरने दाबून बसवतो, आरशात एकदम मस्त दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून केस सुकले की मागे दोन तुरे.

बरं, हे एकदा झालं तर आपण सांगतो आणि पुढच्या वेळी नीट होतं. तिथेच गाडी अडते, पुढच्या वेळी माणूस दुसरा असतो. आधीचा पोरगा दुसऱ्या ब्रँचला गेलेला किंवा नोकरी सोडलेली किंवा त्याची सुट्टी. नवीन माणूस विचारतो, "सर, पीछे कितना रखना है?" आणि आपण परत पहिल्यापासून चालू, भैया यहाँ दो भंवर हैं, इधर कम काटना. तो मान हलवतो, वाईट हेतू कुणाचाच नसतो, शिकलेली पोरं असतात आणि हातही बरा असतो, पण ऐकणं वेगळं आणि ते डोकं हाताखालून गेलेलं असणं वेगळं. त्यात कापता कापता सर डँड्रफ आहे, सर हेअर स्पा करून घ्या, हे पण चालू असतं, त्याचा मला तेवढा त्रास नाही, नको म्हटलं की बहुतेक जण थांबतात. पण दर महिन्याला स्वतःच्या डोक्याची नव्याने ओळख करून द्यायची याचा मला मनापासून वैताग आला.

आमच्या गल्लीतले मामा (सगळे त्यांना मामाच म्हणतात) मला खुर्चीच्या हातांवर फळी टाकून बसवायचे तेव्हापासून ओळखतात. मी मध्ये काही वर्षं आलो नव्हतो त्याबद्दल त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, फक्त मागून डोकं बघून म्हणाले, "कुणी कापलेत रे हे?" त्यांची पद्धत मी परत गेल्यावर पहिल्यांदा नीट बघितली. फवारा मारतात तो फक्त पुढे आणि बाजूला. बाजू, मान, पुढचं सगळं करून होईपर्यंत पंख्याखाली मागचे केस कोरडे झालेले असतात, मग सगळ्यात शेवटी भोवऱ्याला हात लावतात, तो आधी कुठल्या दिशेला पडतोय ते बोटांनी बघतात आणि त्याच दिशेने कैचीचं टोक उभं धरून थोडं थोडं घेतात. मशीन तिथे नेतच नाहीत. एकदा मी घाईत होतो तर म्हणाले, "थांब जरा, सुकू दे ते." दोन मिनिटं खरंच काही न करता उभे राहिले. बाहेर चार जण वाट बघत असताना माझ्या दोन भोवऱ्यांसाठी थांबणारा माणूस मला दुसरीकडे भेटला नाही.

हे सगळ्यांना लागू आहे असं मी म्हणणार नाही. तुम्ही सगळं मशीनवरच मारत असाल, तर कापणारा बदलला तरी फारसा फरक पडू नये, कारण मशीनच्या क्लिपचं माप ठरलेलं असतं, दोन नंबर म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, चार म्हणजे १३ च्या आसपास, नंबर सांगितला की काम झालं, तिथे एसीत आरामात बसा. केस खांद्यापर्यंत वाढवलेत किंवा कलर-हायलाइट करायचंय तरी तिकडेच जा, मामांचं ते काम नाही आणि ते स्वतःच तसं सांगतात. फेड (मानेकडे बारीक आणि वर हळूहळू लांब होत जाणारा कट) मात्र आता गल्लीतली पोरंही जबरदस्त मारतात, त्यासाठी जास्त पैसे द्यायची गरज आहे असं मला तरी वाटत नाही. पण केस सरळ, राठ, भोवरेवाले असतील आणि मिडियम कट ठेवत असाल तर माझं मत एकाच बाजूला जातं, एकच सलून धरा, त्यातही एकच माणूस धरा, आणि असा माणूस साध्या सलूनमध्ये टिकण्याची शक्यता जास्त, कारण दुकान बहुतेक वेळा त्याचंच असतं.

नवीन एरियात शोधायचं असेल तर रविवारी जाऊ नका, बुधवार-गुरुवारी दुपारी जा, माणूस निवांत असतो. श्रावण लागायच्या आदल्या दोन-तीन दिवसांत आणि गणपतीच्या आधी तर नक्कीच नको, महिनाभराचे केस-दाढी काढायला अख्खी गल्ली लोटलेली असते आणि चांगला हातही तेव्हा घाई करतो. पहिल्या वेळी थोडेच कापायला सांगा. डोकं कोरडं घेऊन जा, भोवरा दाखवा, आणि तो शेवटी कापा म्हणून सांगा. त्याने का म्हणून विचारलं तर परत जा त्याच्याकडे, आणि काही न विचारता आधीच तिथे बोट फिरवून बघितलं असेल तर नंबर घेऊन ठेवा.