सानपाड्याचं लीडरशिप ट्रेनिंग: थिअरीचा दिवस सोडला तर पैसे वसूल

एमएमएसच्या (एमबीएसारखी मॅनेजमेंटची डिग्री) दुसऱ्या सेमला आमच्या कॉलेजने नवी मुंबईतल्या सानपाडा स्टेशनजवळच्या एका ट्रेनिंगवाल्यांकडे पाठवलं होतं, मॅनेजमेंट आणि लीडरशिप स्किल्सचा कोर्स, दर शनिवारी, निम्मी फी कॉलेज भरणार निम्मी आपण. ज्युनियर्स सारखे विचारतायत घ्यायचा का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत. माझं मत, घ्या. पण काय विचारून घ्यायचं ते शेवटपर्यंत वाचा.

सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट आधी. आपल्याकडे ग्रुप डिस्कशन म्हटलं की ज्याचं इंग्लिश फाडफाड तो आपोआप लीडर, बाकीचे मान डोलवायला. जालना, परभणी, चिपळूणहून सीईटी देऊन आलेली कितीतरी मुलं दोन वर्षं नुसती मान डोलवून डिग्री घेऊन जातात आणि प्लेसमेंटला त्यांच्या नावापुढे 'कॉन्फिडन्स कमी' असं लिहिलं जातं, मला याचा खरंच राग येतो. इथे पहिल्याच शनिवारी सरांनी सांगितलं की ग्रुपमध्ये भांडायचं ते घरी ज्या भाषेत भांडता त्या भाषेत, इंग्लिश फक्त शेवटच्या प्रेझेंटेशनला. दोन-तीन आठवड्यांत बोलणारी तोंडंच बदलली हो! आमच्या ग्रुपमधली जुन्नरकडची मुलगी, वर्गात तिचा आवाज कसा आहे हे पण आम्हाला माहीत नव्हतं, ती कामं वाटायला लागली आणि आम्ही निमूट ऐकायला लागलो, कारण तिला खरंच कळत होतं कोणाला काय द्यायचं. तरी प्रेझेंटेशनची तयारी सुटली नाही, ती इंग्लिशमध्येच झाली आणि चांगली झाली.

कोर्सचा जीव म्हणजे तुर्भ्याच्या एपीएमसीतली, म्हणजे घाऊक बाजारातली पहाट. फळं आणि भाजीचं मार्केट १९९६ मध्ये मुंबईतून इकडे आलं, आपण रोज ट्रान्स-हार्बर लोकलने त्याच्या शेजारून जातो आणि आत काय चालतं ते माहीत नसतं. रात्री गाड्या लागतात, उजाडायच्या आत निम्मा धंदा उरकलेला असतो. आम्हाला काम एवढंच दिलेलं की एक माथाडींची टोळी निवडा, मध्ये मध्ये करू नका, गप्प उभं राहून मुकादम कोणाशी कसा वागतो ते टिपा. आमचा मुकादम नवीन पोराला एकेक गोष्ट सांगत होता, पोतं कुठे धरायचं, थप्पी कशी लावायची, मध्येच दटावत पण होता. जुन्या दोघांना नुसती मान हलवून इशारा. एकाला बरं नव्हतं तर त्याला ओझ्यावरून काढून मोजणीला उभं केलं, त्याला चार लोकांत कमीपणा येईल असं काही न बोलता.

आणि मग दुपारी वर्गात आल्यावर सरांनी फळ्यावर हर्सी आणि ब्लँचर्ड लिहिलं, १९६९ ची सिच्युएशनल लीडरशिप, म्हणजे समोरचा जितका तयार तसं त्याच्याशी वागायचं. नवख्याला स्पष्ट सूचना द्या, थोडं शिकलेल्याला समजावत न्या, येतंय पण कचरतोय त्याला साथ द्या, तयार माणसावर सोपवून मोकळे व्हा. हे आम्ही परीक्षेसाठी पाठ केलेलंच होतं की! पण पाठ केलं तेव्हा ते चार चौकोन होते, आता प्रत्येक चौकोनात माणूस दिसत होता. आधी अनुभव, मग त्यावर विचार, मग थिअरी, मग परत करून बघणं, हे चक्र डेव्हिड कोल्बने १९८४ मध्ये मांडलंय आणि मॅनेजमेंटच्या कॉलेजांत ते बऱ्याचदा उलटं फिरवतात.

अजून एक, माथाडी कायदा पण १९६९ चाच. अण्णासाहेब पाटलांनी हमाल लोकांना संघटित केलं, त्या लढ्यातून हा कायदा आला, कामगाराची नोंदणी आणि मजुरी बोर्डामार्फत व्हायला लागली. लीडरशिपच्या पुस्तकात आपल्याला अमेरिकेतले सीईओ भेटतात, हा माणूस भेटत नाही, भेटायला हवा.

तिसरी चांगली गोष्ट फीडबॅक. दर शनिवारी ग्रुपचा लीडर बदलायचा आणि शेवटचा पूर्ण तास त्याच्याबद्दल बोलायचं, पण साचा ठरलेला, प्रसंग कोणता, तू नेमकं काय केलंस, त्याचा माझ्यावर काय परिणाम झाला. सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपची ही पद्धत आहे, सिच्युएशन-बिहेव्हियर-इम्पॅक्ट, थोडक्यात एसबीआय म्हणतात (बँक नाही). 'तू डॉमिनेटिंग आहेस' असं म्हणायला बंदी. त्याऐवजी 'बजेट ठरवताना तू माझं बोलणं दोनदा तोडलंस, मग मी गप्पच बसले आणि माझ्याकडचा आकडा राहून गेला' असं सांगायचं. पहिलं ऐकून माणूस चिडतो, दुसरं ऐकून काय सुधारायचं ते त्याला कळतं. आमच्यातला एक जण असं ऐकून सुरुवातीला जाम तापला होता, पण पुढच्या शनिवारी बोलायच्या आधी सगळ्यांना विचारत होता. मला वाटतं अख्ख्या फीचे पैसे या एका तासात वसूल आहेत.

आता तक्रारी. एक अख्खा शनिवार स्लाईड्स. टीम कशी घडत जाते त्याच्या टकमनच्या पायऱ्या, लीडरचं लक्ष कामावर किती आणि माणसांवर किती ते दाखवणारी ब्लेक-माउटनची ग्रिड, माणूस कामचुकार धरायचा की मनापासून काम करणारा यावरची मॅकग्रेगरची एक्स आणि वाय थिअरी, सगळं एका दमात, दुपारनंतर कोणाच्याही डोक्यात काही शिरत नव्हतं. त्यात एमबीटीआय टाईपची, स्वभावाचा प्रकार चार अक्षरांत सांगणारी टेस्ट आणि 'तुम्ही जन्मजात लीडर टाईप' असे रिझल्ट. हे मला अजिबात पटलं नाही. टेस्ट परत दिली की बऱ्याच जणांचा टाईप बदलतो आणि एमबीटीआय बनवणारे स्वतःच सांगतात की नोकरीसाठी माणसं निवडायला ती वापरू नका. मग बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांना शिक्के का मारायचे? ज्यांना 'लीडर' आलं नाही ते दिवसभर उतरलेले चेहरे घेऊन बसले होते.

मार्शमेलोचा खेळ मात्र झकास. वीस स्पॅगेटीच्या काड्या, थोडी टेप, थोडी दोरी, अठरा मिनिटं, उंच मनोरा उभारून टोकावर मार्शमेलो (मऊ, गोड गोळी) ठेवायचा. टॉम वुजेकने हा खेळ जगभर घेतलाय आणि त्यात बिझनेस स्कूलवाले बालवाडीच्या पोरांपेक्षा मागे पडतात, कारण आपण प्लॅन करत बसतो आणि मार्शमेलो शेवटच्या मिनिटाला ठेवतो, पोरं पहिल्यापासून ठेवून बघतात.

कोर्स संपल्यावर मात्र त्यांच्याकडून कोणाचा फोन नाही, मेसेज नाही. समर इंटर्नशिपला गेल्यावर खरं काम पडतं, तेव्हा महिन्यातून एकदा जरी बोलणं झालं असतं तर फार उपयोग झाला असता. तसं लेखी सांगितलंय त्यांना.

जाणार असाल तर बॅचमध्ये किती मुलं ते विचारा, तीसच्या वर गेली की फीडबॅकचा तास पुरत नाही. आणि मार्केटला किती वाजता नेणार ते पक्कं करून घ्या, एका बॅचला म्हणे दुपारी नेलं होतं, तोपर्यंत टोळ्या काम उरकून पांगलेल्या असतात.